रेशमी दोऱ्याला लटकलेलं जेवण

दुकानात शिरताच आधी वास येतो. बीव्हरची कातडी, तंबाखू, ओले लोकरी कोट आणि हिवाळाभर नीट अंघोळ न केलेली माणसं. ६ जून १८२२ ची सकाळ आहे. ह्युरॉन आणि मिशिगन ही दोन अवाढव्य सरोवरं जिथे एकमेकांना भिडतात तिथलं मॅकिनॉ बेट आणि त्यावरचं अमेरिकन फर कंपनीचं हे दुकान. रानावनात हिवाळा काढून परतलेले फ्रेंच-कॅनेडियन नावाडी गठ्ठे उतरवताहेत, उधारीवरून हुज्जत घालताहेत, मोठमोठ्याने हसताहेत. तुमच्याकडे कुणाचं लक्ष नाही. भिंतीला टेकून अंग चोरून उभे राहा. पुढे मात्र जाऊ नका, तिथे एकाच्या हातात बदकांचे छरे भरलेली बंदूक आहे.

बार उडतो.

धूर विरतो तेव्हा विशीतला एक गडी जमिनीवर पडलेला दिसतो. नाव अलेक्सिस सेंट मार्टिन. जेमतेम दोन-तीन फुटांवरून सगळा बार त्याच्या डाव्या कुशीत, छातीच्या खालच्या बरगड्यांत घुसला आहे. सदरा जळतोय. जखम तळहाताहून मोठी आहे आणि तिच्यातून टर्कीच्या अंड्याएवढा फुप्फुसाचा भाजलेला, फाटलेला भाग बाहेर आला आहे. त्याच्या खाली आणखी काहीतरी बाहेर डोकावतंय. त्याला तर्जनी जाईल एवढं भोक आहे आणि त्यातून थोड्या वेळापूर्वी खाल्लेली न्याहारी बाहेर ओघळतेय. तुमच्या पोटात ढवळून आलं तर साहजिक आहे. पण नजर वळवू नका. माणसाचं जठर जिवंत माणसात कसं काम करतं, याची सगळ्यात मोठी हकिगत इथे, या लाकडी फरशीवर सुरू होते आहे.

टेकडीवरच्या किल्ल्यातून लष्करी डॉक्टर येतो, विल्यम बोमाँट. वय छत्तीस. वैद्यकीय कॉलेजची पायरी कधी चढलेला नाही. व्हरमाँटमध्ये एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १८१२ च्या युद्धात जखमा बांधता बांधता पक्का झाला. बरगडीचं टोकदार टोक फुप्फुसात रुतून बसलंय, ते तो खिशातल्या चाकूने कापतो आणि फुप्फुस आत सारतो. छऱ्यांबरोबर आत गेलेल्या कापडाच्या चिंध्या आणि हाडांचे कण काढतो. हा गडी छत्तीस तासांवर काढणार नाही, अशी त्याची अटकळ आहे.

ती चुकते. आता दोन आठवडे पुढे सरका. ताप आहे, जखम वाहते आहे, पण अलेक्सिस जिवंत आहे. अडचण वेगळीच आहे. तोंडाने दिलेलं सगळं कुशीतून बाहेर पडतं. त्यामुळे बोमाँट त्याला गुदद्वारातून पातळ पोषण देतोय, म्हणजे चक्क एनिमाने जेवू घालतोय. चौथ्या आठवड्याच्या सुमारास घट्ट पट्ट्या बांधून अन्न आत टिकायला लागतं, भूकही परत येते. भोक मात्र बुजत नाही. जठराची फाटलेली कड बरगड्यांमधल्या स्नायूंना चिकटून तिथेच भरून येते. पोटाच्या भिंतीला एक कायमची खिडकी पडते.

पुढच्या वसंतात गाव हात वर करतं. निराधाराला किती दिवस पोसायचं? त्याला उघड्या होडीतून हजार मैलांहून दूर त्याच्या मुलखात धाडायचं घाटतंय. जखम अजून वाहतेय, वाटेत तो दगावेल, म्हणून बोमाँट त्याला स्वतःच्या घरी आणतो, रोजची मलमपट्टी करतो, जेवूखाऊ घालतो. पगार बेताचा, स्वतःचा संसार वाढता. पुढे जे घडलं त्यावरून या डॉक्टरला दुष्ट ठरवण्याची घाई अनेकांना होते, म्हणून ही दोन वर्षं आधी पाहून ठेवा. तो भला होता, आणि हाती काय लागलंय हे ओळखण्याइतका चाणाक्षही होता. दीड वर्षात जठराच्या आतल्या अस्तराची एक घडी भोकावर येऊन पडदा तयार होतो. अन्न बाहेर येत नाही, पण बोटाने हा पडदा आत लोटला की जठर उघडं.

आता मुक्काम हलवा. लष्कराच्या हुकमाने बोमाँटची बदली फोर्ट नायगारावर झाली आहे, अलेक्सिसही सोबत आला आहे. १ ऑगस्ट १८२५, दुपारचे बारा. इथे जरा निवांत थांबा.

अलेक्सिस आडवा झाला आहे. बोमाँटच्या हातात रेशमी दोरा आहे आणि त्यात थोड्या थोड्या अंतरावर काही जिन्नस बांधलेले आहेत. भरपूर मसाला घालून शिजवलेलं गोमांस, खारवलेल्या डुकराची कच्ची चरबी, खारवलेलं कच्चं गोमांस, उकडलेलं गोमांस, शिळा पाव आणि चिरलेल्या कच्च्या कोबीचा जुडगा. प्रत्येक तुकडा दोन ड्रामचा, म्हणजे फार तर सात-आठ ग्रॅम. बोमाँट पडदा बोटाने दाबतो. जवळ या, एवढी संधी पुन्हा मिळायची नाही. आतलं अस्तर फिकट गुलाबी, मखमलीसारखं, वर पातळ पारदर्शक श्लेष्मा. तुकडे एकामागोमाग एक आत जातात. दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत राहतं. अलेक्सिस सदरा खाली ओढतो आणि घरकामाला लागतो.

हे दृश्य कितीही वाचलेलं असलं तरी समोर पाहताना अवघडायला होतं. लोक पोटासाठी कामाला जातात. याचं पोटच कामाला लावलं आहे, आणि वरून लाकडंही यानेच फोडायची.

एक वाजता दोरा बाहेर. कोबी आणि पाव निम्मे झाले आहेत, मांसाला ढिम्म काही झालेलं नाही. पुन्हा आत. दोन वाजता दोरा परत बाहेर येतो तेव्हा कोबी, पाव, डुकराचा तुकडा आणि उकडलेलं गोमांस पार नाहीसं झालेलं, रेशमी गाठी रिकाम्या. मसाल्याचं मांस आणि कच्चं मांस जवळपास जसंच्या तसं. दोरा पुन्हा आत जातो. पुढच्या तपासणीला कच्च्या मांसाचा फक्त वरचा थर मऊसर झालेला दिसतो, आणि तोवर अलेक्सिस छातीखाली दुखतंय म्हणून तक्रार करायला लागला आहे. बोमाँट दोरा ओढून घेतो. पण दुखणं काही लगेच जात नाही. मळमळ, डोकेदुखी, जिभेवर पांढरा थर. डॉक्टर पडदा लोटून आत पाहतो तर अस्तरावर पांढरे ठिपके. मग पाऱ्याच्या क्षाराच्या अर्धा डझन गोळ्या तो त्याच भोकातून थेट जठरात टाकतो. गडी गिळायच्या कटकटीतून तेवढा सुटला.

तुम्ही शाळेत जठर शिकलेले आहात, त्यामुळे दोऱ्यावर काय घडलं ते तुम्हाला बोमाँटपेक्षा जास्त कळतं. अन्न अस्तराला टेकताच त्यातल्या असंख्य सूक्ष्म ग्रंथी पाझरायला लागल्या. काही पेशींनी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं, काहींनी पेप्सिनोजेन. आम्लात पेप्सिनोजेनचं पेप्सिन झालं आणि त्याने मांसाच्या प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडायला घेतल्या. शिजलेल्या मांसात या साखळ्या उष्णतेने आधीच उलगडलेल्या असतात, म्हणून उकडलेला तुकडा लवकर गेला आणि कच्चा तग धरून राहिला. इथवर बोमाँटचा दोरा खरं बोलतो.

कोबीच्या बाबतीत तो फसवा आहे. कोबीचा चोथा म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज पचवायचं कुठलंच साधन माणसाच्या जठरात नाही. कोबी पचली नाही. ती भिजून, घुसळून, तुटून दोऱ्यावरून सुटली. पुढे बोमाँटने कुठला पदार्थ किती वेळात पचतो याचा मोठा तक्ता केला. त्यात उकडलेला भात एक तास, उकळलेलं दूध दोन तास आणि भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तास. भात वाचून आपल्याला बरं वाटतं. आजाऱ्याला मऊ भात द्यायची आपली जुनी चाल एका अमेरिकन लष्करी डॉक्टरच्या वहीत सापडली म्हणायची. पण खरं पाहता भाताचं पिष्ट जठर फारसं पचवतच नाही. ते काम पुढे लहान आतड्यात होतं. भात जठरातून लवकर निघून जातो, इतकंच. मांस आणि चरबी रेंगाळतात, कारण चरबी लहान आतड्यात पोहोचली की तिथून संप्रेरकांमार्फत जठराला हळू चालायचा निरोप जातो. बोमाँटचा तक्ता हा बराचसा सुटायच्या वेळांचा तक्ता आहे. छोट्या खिडकीतून बघणाऱ्याला नाहीसं होणं आणि पचणं यातला फरक दिसणार कसा?

तरी त्याच्या काळात ही खिडकी म्हणजे केवढी गोष्ट होती. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला होता. कुणी म्हणे जठर जात्यासारखं दळतं, कुणी म्हणे अन्न आंबतं, कुणी म्हणे शरीरातल्या उष्णतेने शिजतं. आपल्याकडेही जठराग्नी धगधगत होताच. फ्रान्सच्या रेओम्यूरने पाळीव घारीला स्पंज गिळायला लावून रस मिळवला. इटलीच्या स्पालान्झानीने अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळल्या. इंग्लंडच्या विल्यम प्राउटने तर अलेक्सिसला गोळी लागल्यावर दीड-दोन वर्षांतच जनावरांच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं दाखवून दिलं. पण जित्याजागत्या माणसाच्या जठरात हवं तेव्हा, दिवसामागून दिवस डोकावणं यांपैकी कुणालाच जमलेलं नव्हतं.

७ ऑगस्टला अग्नीचा निकाल लागतो. अलेक्सिस सतरा तास उपाशी आहे. बोमाँट भोकातून उष्णतामापक आत सोडतो. पारा १०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअसवर थांबतो. अन्न शिजवायला ही उष्णता अगदीच नगण्य. मग लवचिक नळीने औंसभर रस बाहेर काढून कुपीत घेतला जातो. स्वच्छ, पाण्यासारखा पातळ रस. बोमाँटने तो चाखूनही पाहिला आहे, चव किंचित खारट आणि आंबट. कुपीत उकडलेल्या खाऱ्या मांसाचा तुकडा टाकून बूच लावायचं आणि कुपी त्याच तापमानाच्या पाण्यात ठेवायची. तसाच एक तुकडा दोऱ्याला बांधून अलेक्सिसच्या पोटात.

तुमचं काम कुपीवर लक्ष ठेवायचं. अर्धा तास काही नाही. चाळीसेक मिनिटांनी मांसाच्या पृष्ठभागावर सैलपणा दिसतो, मग रस गढुळतो, तंतू सुटे होऊन तरंगायला लागतात. पोटातला तुकडा दुपारी दोनपर्यंत दोऱ्यावरून गेलेला असतो. कुपीतल्याला रात्र होते, पण तोही विरघळतो. शरीराबाहेर, काचेत, कुठल्याही गूढ जीवनशक्तीवाचून! रस थंड ठेवला तर मात्र तो काहीच करत नाही, हेही बोमाँट तपासतो. म्हणजे ऊब लागते, पण काम रसायनाचं. कुपीला वेळ का लागला? तिथे ताजा रस पाझरत नाही आणि कुणी घुसळत नाही. जठराच्या खालच्या भागात मिनिटाला साधारण तीन लाटा उठतात, अन्न खालच्या दाराकडे ढकलतात, आणि दार जेमतेम किलकिलं असल्यामुळे मोठे तुकडे परत मागे फेकले जातात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरएवढं बारीक झालं की मगच पुढे वाट. काही वर्षांनी बोमाँटला ही ओढ हातात जाणवणार आहे. आत सोडलेल्या उष्णतामापकाचा फुगा जठर धरतं आणि खाली खेचायला लागतं.

एक प्रश्न त्या कुपीकडे पाहताना तुम्हाला पडलाच असेल. मांस विरघळवणारा रस मांसाच्याच पिशवीत राहतो कसा? पेप्सिन निष्क्रिय रूपातच बाहेर पडतं, अस्तरावर श्लेष्माचा थर असतो, त्या थरात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं, आणि एवढं करूनही वरच्या पेशी झिजतातच, त्या दर काही दिवसांनी नव्या येतात. बोमाँटला यातला श्लेष्मा तेवढा डोळ्यांनी दिसला. पेप्सिनचा तर पत्ताच नव्हता, ते थिओडोर श्वानने १८३६ मध्ये शोधलं.

त्यानंतर लवकरच अलेक्सिस न सांगता कॅनडाला निघून जातो. मला तर यात नवल वाटत नाही.

चार वर्षं गाळा. १८२९, मिसिसिपीच्या वरच्या अंगाला प्रेरी दु शिएन, फोर्ट क्रॉफर्ड. बोमाँटने माणसं पाठवून, खर्च सोसून त्याला परत बोलावलं आहे. आता अलेक्सिसबरोबर बायको मारी आहे, लहान मुलं आहेत. दिवसभर घरकाम, आणि मधूनच पोटाचा पडदा उघडायचा. कधी रसाच्या कुप्या काखेत धरून हिंडायचं, का तर रस उबदार राहावा. बोमाँट हवा नोंदवतो, कष्टाने जठर किती तापतं ते नोंदवतो. अलेक्सिस चिडलेला असेल तर पचन रेंगाळतं आणि पित्त वर चढतं, हेही टिपतो. ताप, भीती, राग यांनी अस्तर कधी लाल आणि कोरडं पडतं, कधी फिकं आणि ओलसर, आणि आतली ही बिघडलेली अवस्था खुद्द अलेक्सिसला जाणवतेच असं नाही. मनाचा आणि पोटाचा संबंध कुणालाही ठाऊक असतो. इथे तो प्रत्यक्ष रंग बदलताना दिसला. हा माणूस चिडत कशाने होता, ते मात्र वहीत फारसं येत नाही. दिवसाकाठी कितीदा कुणी आपल्या पोटात नळी घातली तर आपण काय केलं असतं?

१८३२ मध्ये रीतसर करार होतो. वर्षाला १५० डॉलर, वर जेवणखाण, कपडे आणि राहायला जागा. बोमाँट नेईल तिथे जायचं आणि जठरावर जे प्रयोग करील ते करू द्यायचे. अलेक्सिसला लिहिता येत नाही, तो फुलीची खूण करतो. त्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये त्याला सैन्यात सार्जंट म्हणूनही भरती करून घेतलं जातं. सरकारी पगारावर पचन करणारा दुसरा माणूस माझ्या ऐकिवात नाही. (काही न करता पचवणारे असतील, ते वेगळे.) रसाचे नमुने येल आणि व्हर्जिनियाच्या प्राध्यापकांकडे जातात, आणि माणसाच्या जठरातही हायड्रोक्लोरिक आम्लच आहे याची खात्री पटते. १८३३ मध्ये प्लॅट्सबर्गला पुस्तक छापलं जातं, शेवटी एक्कावन्न निष्कर्ष. युरोपातल्या प्रयोगशाळांना या आडगावच्या पुस्तकाची दखल घ्यावी लागते.

१८३४ मध्ये अलेक्सिस गावी म्हणून जातो आणि परत येत नाही. बोमाँट पत्रं लिहितो, जास्त पैसे कबूल करतो, मुलाला धाडतो. अलेक्सिसला घरच्यांनाही सोबत आणायचं असतं, त्यांच्या खर्चाची वेगळी सोय हवी असते. त्यावर जमत नाही. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालते. १८५३ मध्ये सेंट लुइसला बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून पडल्याचं निमित्त होऊन बोमाँट जातो. भोक घेऊन जगणारा माणूस त्याच्या मागे सत्तावीस वर्षं राहतो. शेती करतो, लाकडं तोडतो, जवळ पैसा नसतो, दारू असते.

शेवटचा मुक्काम, क्विबेकमधलं सेंट थॉमस गाव. जून १८८०. २४ तारखेला अलेक्सिस वारला आहे आणि डॉक्टरांना सुगावा लागला आहे. मॉन्ट्रियलचा विल्यम ऑस्लर, पुढे आधुनिक वैद्यकाचा मोठा गुरू म्हणून नावाजलेला, शवविच्छेदनासाठी खटपट करतोय. जमलं तर ते जठर वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयाच्या बरणीत जावं, अशी त्याची इच्छा आहे. गावाकडून तारेने उत्तर जातं की येऊ नका, आलात तर जिवंत परत जाणार नाही. घरच्यांनी प्रेत मुद्दामच नेहमीपेक्षा जास्त दिवस घरात ठेवलं आहे, ऐन उन्हाळ्यात, कुणाच्याही उपयोगाचं राहू नये म्हणून. वास इतका की अंत्यविधीच्या प्रार्थनेच्या वेळी शवपेटी चर्चच्या आत नेता आलेली नाही, ती बाहेर ठेवली आहे. खड्डा आठ फूट खोल खणला आहे, कुणी रातोरात उकरायला आलंच तर त्याला सहजी हाती लागू नये.

तुम्ही दफनभूमीच्या कुंपणाशी उभे आहात. परका चेहरा, परके कपडे, आणि मघापासून पेटीकडे लागलेली नजर. मॅकिनॉच्या दुकानात तुमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, इथे मात्र फावडं धरलेला एक जण थांबतो आणि तुमच्याकडे निरखून बघायला लागतो. तुम्ही डॉक्टर नाही, हे त्याला सांगायला हवं. फ्रेंच तुम्हाला येत नाही, आणि इतका वेळ तुम्हीही पोटातच डोकावत होतात.